बिनकेळ्याचा दिवस

पहाटे पावणेपाच

बेसिनच्या नळाला टांगलेली फडक्याची पुरचुंडी सोडवणं हे माझं दिवसाचं पहिलं काम. रात्री दोन लिटर दुधाचं दही त्यात बांधलेलं असतं, सकाळी त्याचं निम्म्याहून कमी उरतं. खालच्या पातेल्यात पिवळसर पाणी साठलेलं असतं, त्यात पोळ्यांची कणीक भिजते. त्या पाण्याबरोबर दुधातली थोडी साखरही निघून जाते, म्हणून तर हा खटाटोप. आई रावेरहून आली की कट्ट्याशी उभी राहून बघते. तिच्या मते मी रोज पहाटे श्रीखंड करायला घेते आणि साखर घालायची विसरते.

फ्रीजरमधले डबे काढून पिशवीत भरायचे. वाफवलेल्या दुधीचे तुकडे, लाल भोपळ्याचे तुकडे, शहाळ्याची मलई, स्ट्रॉबेरी. पेरू मात्र ताजेच. सब्जा निघताना भिजत घालते, गाळ्यावर पोचेपर्यंत तो फुगून डोळे वटारून बघत असतो. जानेवारीतल्या पुण्यात या वेळी स्कूटरवर बोटं बधिर होतात. अशा थंडीत कुणी स्मूदी प्यायला येईल, हे पहिल्या वर्षी मलाही खरं वाटलं नव्हतं.

साडेपाच

गाळा म्हणजे सहकारनगरातल्या एका बंगल्याचं जुनं गॅरेज, आठ बाय सहा. तळजाईच्या टेकडीवर फिरून उतरणारी माणसं या रस्त्याने जातात, तेवढंच माझं भांडवल. शटर वर करायचं, कट्टा पुसायचा, मिक्सरची दोन भांडी उपडी घालायची आणि पाटी बाहेर लावायची. पाटीवर लिहिलंय: ‘केळं नाही. साखर, गूळ, मध, खजूर घालत नाही.’

आधी रंगवून घेतली होती ती पाटी वेगळी होती. तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘लो शुगर’ होतं. अन्नभेसळ खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले एक काका रोज समोरून जायचे. महिनाभर काही बोलले नाहीत. एक दिवस थांबून म्हणाले, ‘‘वहिनी, हे शब्द असे लिहिता येत नाहीत हो.’’ मग त्यांनी समजावलं. २०१८ च्या नियमांप्रमाणे पातळ पदार्थात शंभर मिलीमागे अडीच ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल, तरच तो ‘लो शुगर’. ‘शुगर फ्री’ म्हणायचं तर अर्धा ग्रॅम. मी हिशेब मांडला. माझा ग्लास अडीचशे मिलीचा, म्हणजे त्यात सव्वासहा ग्रॅमच चालणार. शंभर ग्रॅम पेरूतच नऊ ग्रॅम साखर असते, देवाने घातलेली. रंगाऱ्याला पुन्हा बोलावलं.

त्या काकांचे मी उपकार मानते. कमी साखर म्हणजे कशापेक्षा कमी, हे तेव्हापासून मी आधी विचारते. घरोघर केळ्याचा शेक होतो तो घ्या. एका मध्यम केळ्यात चौदा ग्रॅमच्या आसपास, पेलाभर दुधात दहा, वरून दोन चमचे साखर म्हणजे आणखी आठ-दहा. झाले तीस-पस्तीस. त्या मानाने माझा पेरूचा ग्लास दहा-अकरावर थांबतो. एवढाच माझा दावा आहे, आणि तो पाटीवर मावत नाही.

सहा ते साडेआठ

पहिलं गिऱ्हाईक ठरलेलं. सिस्टर. ससूनमधून निवृत्त झालेल्या, पंचाहत्तरीच्या पुढच्या, चालणं माझ्यापेक्षा ताठ. माझ्या गाळ्यातून केळं गेलं ते यांच्यामुळे. सुरुवातीला मी सगळ्यांसारखी केळ्यावरच धंदा करत होते. सिस्टर आल्या, ग्लास घेतला, दोन घोटांत ओठ खाजायला लागले. आयुष्यभर रबराचे हातमोजे घालून त्यांना रबराची ॲलर्जी जडलेली, आणि ज्यांना ती असते त्यांच्यातल्या काहींना केळं, ॲव्होकाडो, किवी ही फळंही बाधतात. त्यांनी ते शांतपणे सांगितलं, वर म्हणाल्या, ‘‘तुझी चूक नाही गं, मीच विचारायला हवं होतं.’’ दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासाठी केळं वगळून केलं. भांडं तेच, नुसतं विसळलेलं. पुन्हा खाज. तेव्हा ठरवलं की केळ्याला या गाळ्यात पायच ठेवू द्यायचा नाही.

ठरवणं सोपं होतं. पहिले आठ दिवस मी जे विकलं त्याला स्मूदी म्हणणं म्हणजे शब्दाची विटंबना. पाणी वेगळं, चोथा वेगळा, वर फेस. तेव्हा कळलं की केळं बिचारं एकटं चार माणसांचं काम करत होतं. दाटपणा तेच देतं, गोडी तेच देतं, गोठवून घातलं तर गारवाही त्याचाच, आणि पालकाचा कडवटपणा पोटात घालतं तेही तेच. घरातली थोरली सून माहेरी गेल्यावर कोण काय काय करत होतं हे जसं समजतं, तसं. एका केळ्याच्या जागी एकच बदली माणूस मिळत नाही. चार निरनिराळे लावावे लागतात.

दाटपणाला सगळ्यांत उत्तम शहाळ्याची मलई. केळ्याच्या जवळ जाणारी आणि तरी स्वतःची चव न लादणारी दुसरी वस्तू मला सापडलेली नाही. ती महाग पडते म्हणून चक्का, वाफवलेला दुधी, भिजवलेला सब्जा. जवस मी बंद केला. पूड घातली की ग्लास दिसतो छान, पण गिऱ्हाईक गप्पा मारत उभं राहिलं तर पंधरा मिनिटांत त्याची खळ होते.

गोडीची गोष्ट निराळी आहे. गोडी भरून काढायचीच नाही, तिचा भास करायचा. गार जिभेला गोड कमी लागतं, हे मला आइस्क्रीम पातळ झाल्यावर किती गोडमिट्ट लागतं त्यावरून सुचलं. म्हणून मी बर्फ घालत नाही. गोठलेले तुकडे थोडे, बाकी सगळं साध्या तापमानाचं. चिमूटभर काळं मीठ पालकाचा कडवटपणा मारतं आणि त्याच्याआड दडलेलं गोड पुढे येतं. वेलची, दालचिनी, किंचित जायफळ यांच्या वासाला आपल्या नाकाने लहानपणापासून खीर-पुरणाशी बांधून ठेवलंय, त्यामुळे वास आला की जीभ स्वतःच साखर घालून घेते. भोपळा, सोललेल्या संत्र्याच्या फोडी आणि दालचिनी असा एक ग्लास आहे. त्यात साखर घातलेली नाही हे सांगितल्यावर दहातली चार माणसं माझ्याकडे संशयाने बघतात.

सात वाजता रांग लागते. ‘‘ताई, एक हिरवा.’’ ‘‘ताई, माझ्यात आलं जास्त.’’ हिरवा म्हणजे शंभर ग्रॅम पेरू, मूठभर पालक, पुदिन्याची आठ-दहा पानं, मलईचे दोन चमचे, आलं, काळं मीठ, लिंबू, पाणी. इथे एक युक्ती आहे. पेरू आधी एकटा, पाण्यात, चार-पाच झटके देऊन फिरवायचा आणि गाळणीतून चमच्याने घोटून काढायचा. सलग फिरवला तर बिया दळल्या जातात आणि सगळ्या ग्लासात रेती उतरते. बिया गाळणीत खडखडल्या पाहिजेत. गर सुटल्यावर मग पालक. या दोन मिनिटांसाठी लोक घड्याळ बघतात. बघू देत.

साडेसातच्या सुमाराला एक नवे गृहस्थ आले. सोबत मुलगा. ‘‘आमच्या बाबांना केळं बंद केलंय डॉक्टरांनी. तुमच्याकडे केळं नसतं ना? मग हिरवा द्या.’’ मी विचारलं, केळं बंद कशासाठी? किडनीसाठी, पोटॅशियम वाढतं म्हणून. मी हात जोडले. पेरूत पोटॅशियम आहे, पालकात आहे, शहाळ्यात तर भरपूर. बिनकेळ्याचं म्हणजे त्यांना चालणारं, असं अजिबात नाही. मुलगा जरा नाराज झाला. त्याला वाटलं बाई धंदा करायला बसलीय की डॉक्टरकी करायला. बाबांनी मात्र खुर्ची मागून घेतली आणि दहा मिनिटं टेकडीवरच्या मोरांबद्दल बोलत बसले.

आठला कॉलेजातले सर येतात. ते माझ्याकडे पेयापेक्षा पुरावे घेऊन येतात. २०२३ साली इंग्लंड-अमेरिकेतल्या संशोधकांनी काही माणसांना केळ्याची स्मूदी पाजून बघितली, तर बेरीसारख्या फळांतली जी उपयोगाची द्रव्यं रक्तात उतरायची ती चौऱ्याऐंशी टक्के कमी उतरली. नुसती ती द्रव्यं कॅप्सूलमधून घेतली त्या मानाने. केळं कापून ठेवलं की ज्या एन्झाइममुळे काळं पडतं, तेच भांड्यात या द्रव्यांची वाट लावतं. सरांनी मोबाइलवर दाखवलं आणि म्हणाले, ‘‘लावा हे पाटीवर!’’ मी लावलं नाही. माझा बाप केळ्याच्या शेतीवर मला शिकवून गेलाय.

नऊ

आवराआवर. फोनवर एका ऑफिसातून पपईच्या दहा ग्लासांची विचारणा. मी दह्यातली पपई पोचवत नाही, म्हणून सांगितलं.

कारण एकदा पोचवली होती. पपई, चक्का, वेलची, इथे चाखली तेव्हा अमृत. तासाभराने तिकडून फोन, ‘‘ताई, कडू जहर आहे!’’ मला वाटलं चेष्टा. जाऊन एक घोट घेतला आणि माझंही तोंड वाकडं झालं. पपईतलं पपेन दुधा-दह्यातल्या प्रथिनाचे तुकडे करत बसतं, आणि ते तुकडे कडू असतात. अननस आणि किवीचं तसंच. उभ्या उभ्या प्यायलं तर कळत नाही, ठेवलं की कळतं. आता पपई शहाळ्याच्या मलईत आणि लिंबात, दह्याच्या वाऱ्याला उभी करत नाही. त्या दिवशीचे सहाशे रुपये परत केले, दहा ग्लास मोरीत.

साडेदहा

मंडई. महात्मा फुले मंडईच्या त्या अष्टकोनी इमारतीखाली हिवाळ्यात उभं राहिलं की पेरूच्या वासाने माणूस जागचा हलत नाही. पेरू मी सरदार घेते. त्याला लखनौ-४९ असंही म्हणतात, पण जात निवडली गेली ती इथे, गणेशखिंडीच्या फळबागेत, १९२७ मध्ये. लखनौचं बी आणि पुण्याचा निकाल. पांढऱ्या गराचा, बिया त्या मानाने मऊ. गुलाबी पेरू ग्लासात देखणा दिसतो, तरुण मुलींना फोटोला तोच हवा असतो, म्हणून किलोभर तोही.

दुधी निवडायला मात्र वेळ लागतो. कोवळा, नखाने दाबला की खूण उमटेल असा. घरी आणून वाफवण्याआधी प्रत्येक दुधीची चकती कापून कच्ची चाखते. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. कडू लागली तर थुंकायची आणि अख्खा दुधी कचऱ्यात. शिजवला तरी नाही वापरायचा. हे माझं सोवळं नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीनेही कडू लागला तर रस पिऊ नका असंच सांगितलंय. काकडी-दुधीच्या कुळात कुकर्बिटासिन नावाचं विष असतं, एरवी नगण्य, एखाद्या फळात अचानक भरपूर. गंमत अशी की स्मूदीत केळं असतं तर ते कडूपण झाकलं गेलं असतं. माझ्या ग्लासात झाकणारं कुणी नाही, हे एका अर्थी बरंच.

स्ट्रॉबेरी महाबळेश्वरची, लहान आणि वाकडीतिकडी. मोठी, चकचकीत भेट द्यायला. मला दळायची आहे. शंभर ग्रॅमला पाच ग्रॅम साखर म्हणजे फळांमधली सगळ्यांत गुणी पोर.

शेवटी शहाळंवाला. तो गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारतो: ‘‘पाणी की मलई?’’ मला विचारत नाही. कोयत्याच्या पाठीने एकेक शहाळं ठोकतो आणि कान लावतो. पाण्याचं शहाळं टणटण बोलतं, मलईचं जरा दबक्या आवाजात. पण मलई फार धरलेली असली की ती खोबरं व्हायला लागते, मग मिक्सरमध्ये तिचा कीस पडतो. मला हवी ती मधली, बोटाने निघणारी. दहा शहाळ्यांत आठ त्याची बरोबर येतात. कर्नाटकातून गाडी उशिरा आली त्या दिवशी सहा. पाणी मी बाटल्यांत भरून वेगळं विकते, नाहीतर हे परवडणार नाही.

दीड ते चार

घरी. दुधी आणि भोपळा कुकरमध्ये शिट्टी न लावता वाफवायचा, ताटात पसरून गार करायचा, ताटासकट फ्रीजरमध्ये. तुकडे सुटे गोठले की मग डब्यात. घाई करून थेट डब्यात भरले तर सकाळी दगड मिळतो आणि मिक्सरचा कपलर जातो. एका पावसाळ्यात तीन कपलर गेले तेव्हा शहाणपण आलं. मिक्सर आईचा जुना सुमीत आहे, घरी वाटणासाठी. त्याच्या आवाजाने अजून शेजारची मांजर पळते. गाळ्यावरचा नवा, पण मनातून माझा भरवसा जुन्यावर.

मग तासभर झोप. याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, पुण्यात आहे एवढं सांगितलं की पुरे.

साडेचार

प्रयोगाची वेळ. गेले पंधरा दिवस नाचणी चाललीय. नाचणीचं सत्त्व पाण्यात शिजवून गार केलं की आंबिलीसारखं छान बसतं, दाटपणाचा प्रश्न सुटतो. पण साखरेच्या हिशेबात ही पळवाट आहे. नाचणीत गोड काही लागत नाही, पण पिठूळ आहेच, आणि शिजवलेल्या पिठाची रक्तात साखरच होते. मधुमेही गिऱ्हाईक पाटी वाचून दोन ग्लास पिऊन जाईल. ओट्सचं तेच. त्यामुळे नाचणी घातली तर चमचाभर, आणि विचारल्याशिवाय नाही.

आज तीळ. संक्रांत तोंडावर आलीय. भाजलेल्या पांढऱ्या तिळाची पाण्यात बारीक चटणीसारखी पेस्ट, त्यात स्ट्रॉबेरी आणि चक्का. पहिला ग्लास मातकट. तीळ अर्धा केला, वेलची घातली, कणभर मीठ. दुसरा बरा. यजमानांना दिला. त्यांनी विचारलं, ‘‘यात गूळ का नाही घातलास?’’ म्हणजे जमलाय. तिळाचा वास आला आणि त्यांना गुळाची आठवण झाली, मला हवं होतं ते एवढंच.

सहा ते आठ

संध्याकाळची गर्दी जिममधल्या पोरांची. यांना साखरेचं काही नाही, यांना प्रोटीन हवं. डाळ्याचं पीठ, चक्का, स्ट्रॉबेरी, आणि ‘‘काकू, मोठा ग्लास.’’ सकाळची ताई संध्याकाळी काकू होते. एकजण रोज विचारतो, ‘‘काकू, एक केळं टाका ना, मी आणतो विकत.’’ मी रोज पाटीकडे बोट दाखवते. भांड्यांची शपथ आहे म्हणते. सिस्टरांचा किस्सा सांगायला गेले तर त्याचा सेट थंड होतो.

साडेआठ

हिशेब. अठ्ठावन्न ग्लास, बावीस बाटल्या पाणी. दूध विरजणाला. भावाचा फोन.

‘‘ताई, माल पाठवलाय ट्रॅव्हल्सने, मिळाला का?’’

मिळाला होता. दर थंडीत तो रावेरहून दोन फण्या आणि वेफर्सचं पोतं पाठवतो. आमची चार एकर केळी, बापाच्या काळात बसराई होती, आता ग्रँड नैन. जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा भावाने पेढे वाटले होते, आणि त्याच वर्षी वाऱ्याने अर्धी बाग झोपली होती. आज त्याचा आवाज बरा होता. मी भाव विचारला. त्याने सांगितला, मग नेहमीचं ठेवणीतलं वाक्य टाकलं, ‘‘आमच्या घरची पोर पुण्यात बसून सांगते केळं खाऊ नका.’’

‘‘मी खाऊ नका म्हणत नाही रे. घालत नाही म्हणते.’’

‘‘एकच झालं.’’

एक नाही, पण फोनवर कुठे पटवत बसायचं. सरांचं ते चौऱ्याऐंशी टक्के मी त्याला अजून सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

फण्या बाहेरच्या गॅलरीत, फळांच्या टोपल्यांपासून लांब टांगल्यात. पिकत्या केळ्यांच्या शेजारी पेरू ठेवले की दोन दिवसांत ढिले पडतात. जेवताना यजमानांनी दोन केळी कुस्करली, दूध ओतलं, वेलची मीच घातली. शिकरणावरून पुणेकरांची जन्मभर थट्टा झाली, पण रावेरच्या केळ्याचं शिकरण आणि गरम पोळी यापुढे माझे अठ्ठावन्न ग्लास झक मारतात. दोन वाट्या खाल्ल्या. साखर न घालता, एवढं मात्र खरं.

वाट्या मी स्वतःच घासते. केळ्याच्या भांड्यांची घासणी वेगळी, निळी. ती मोरीत खिळ्याला लटकते. गाळ्याच्या भांड्यांची हिरवी, ती कट्ट्यावर. वाट्या घासल्या, हात कोपरापर्यंत साबणाने धुतले, मग दह्याचं पातेलं उघडून पुरचुंडी बांधली. सहाला सिस्टर येतील.